तेलही गेलं, तूपही गेलं : खाद्यतेलाच्या स्वयंपूर्णतेची चाळीस वर्षं

मागच्या वेळी आपण गव्हाबद्दल बोललो. पीएल-४८० चा अमेरिकन गहू, मेक्सिकोचं बियाणं, हरित क्रांती, हा सगळा भाग झाला. व्याख्यान संपल्यावर काही जणांनी विचारलं, "गव्हात जमलं, मग तेलात का नाही जमलं?" आजचं व्याख्यान म्हणजे त्याच प्रश्नाचं उत्तर आहे. पण उत्तर देण्याआधी प्रश्नच थोडा दुरुस्त करावा लागेल. तेलातही जमलं होतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हा देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. म्हणजे खरा प्रश्न असा, की जमलेलं मोडलं कसं?

आपल्याकडे म्हण आहे, तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं राहिलं. गोष्ट तुम्हाला माहीत असेल. एक जण धुपाटणं घेऊन बाजारात गेला. धुपाटण्याला दोन्ही बाजूंनी खोलगट वाटी असते. एका बाजूला तेल घेतलं, मग तूप घ्यायला ते उलटं केलं, तेल सांडलं. घरी आल्यावर विचारलं, तेल कुठंय? तर पुन्हा उलटं केलं, तूपही गेलं. आपलं तेलाचं धोरण असंच आहे. एका वाटीत शेतकऱ्याचा भाव, दुसऱ्या वाटीत ग्राहकाचा भाव. चाळीस वर्षं आपण ते धुपाटणं उलटसुलट करतो आहोत.

बी बाहेर, पेंडही बाहेर

सुरुवात थोडी मागून करू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थान हा तेलबियांचा मोठा निर्यातदार होता. १८६९ साली सुएझ कालवा सुरू झाला, रेल्वे आतल्या जिल्ह्यांपर्यंत पोचली, आणि नागपूर-वऱ्हाडातलं जवस मुंबई बंदरातून युरोपात जाऊ लागलं. दक्षिणेतला भुईमूग पाँडिचेरीहून फ्रान्समधल्या मार्सेलला जायचा, तिथे त्याचा साबण व्हायचा. निर्यात होती, पण कशाची? बियांची. तेल तिकडे निघायचं आणि पेंडही तिकडेच राहायची, युरोपातल्या गाईंच्या दावणीत.

ही गोष्ट त्या काळीही लोकांच्या लक्षात आली होती. जॉन व्होल्कर नावाचे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ सरकारच्या सांगण्यावरून इथली शेती पाहायला आले. त्यांचा अहवाल १८९३ चा. त्यातला मुद्दा साध्या भाषेत असा : तेल परदेशी गेलं तर जमिनीचं फारसं काही जात नाही, पण पेंड गेली तर जमिनीचा कस जातो. हा मुद्दा लक्षात ठेवा. शेवटी आपण पुन्हा पेंडीवरच येणार आहोत.

पुढे १९३४ साली वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे संघटक. मगनवाडीत लाकडी घाण्यात सुधारणा करण्याचं काम झालं आणि 'वर्धा घाणी' या नावाने ती ओळखली गेली. गावची तेलबी गावातच गाळली जावी, पेंड गावच्या जनावराला मिळावी, असा त्यामागचा हिशोब. त्याच सुमारास, म्हणजे १९३७ साली, बाजारात डालडा आला. एकीकडे घाणा, दुसरीकडे वनस्पती तुपाचा कारखाना. दोघांनाही तेलबी हवी. या ओढाताणीत कोण जिंकलं हे वेगळं सांगायला नको.

रेशनचं पामतेल

स्वातंत्र्यानंतर अन्नधान्याला प्राधान्य मिळालं आणि ते योग्यच होतं. पण गहू-तांदळाला पाणी, खत आणि हमीभावाची खरेदी मिळाली, तर भुईमूग, करडई, तीळ, कारळे ही पिकं कोरडवाहू, हलक्या जमिनीवर, पावसाच्या भरवशावर राहिली. लोकसंख्या वाढत होती, माणशी तेलाचा खपही वाढत होता, आणि उत्पादन मात्र पावसाबरोबर वर-खाली होत होतं. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात आयात जोरात सुरू झाली. आयातीचा अधिकार स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे, म्हणजे सरकारच्या हातात. आलेलं तेल दोन ठिकाणी जायचं : वनस्पती कारखान्यांना आणि रेशन दुकानांना.

माझ्या वयाच्या लोकांना दिवाळीच्या आधीची रेशनची रांग आठवत असेल. हातात बरणी किंवा किटली, आणि दुकानदार मापाने पामतेल ओततोय. थंडीत ते गोठायचं. आई म्हणायची, चकलीला चालतं, फोडणीला नको. ते तेल मलेशियातून यायचं हे आम्हाला कुठे माहीत होतं!

मलेशियाबद्दल दोन मिनिटं बोलायला हवं, कारण एकाची आयात ही दुसऱ्याची निर्यात असते. रबराच्या भावावर सगळा देश अवलंबून राहू नये म्हणून त्यांनी साठीच्या दशकात तेलताडाकडे वळायचं ठरवलं. 'फेल्डा' या सरकारी संस्थेमार्फत भूमिहीन कुटुंबांना जमीन देऊन त्यावर ताड लावला. पुढे कच्च्या तेलाच्या निर्यातीवर कर आणि शुद्ध केलेल्या तेलाला सवलत अशी रचना केली, त्यामुळे रिफायनऱ्या मलेशियातच उभ्या राहिल्या. १९८१ साली तर त्यांनी आफ्रिकेतल्या कॅमेरूनमधून एक छोटा भुंगा आणून बागांत सोडला. तोवर परागीकरण मजूर लावून हाताने करावं लागे, ते काम हा भुंगा करू लागला. संशोधन, जमीन, कर, कारखाना या सगळ्यांना एकच दिशा आणि ती वर्षानुवर्षं टिकवलेली. आपण बी विकून पेंड घालवली, त्यांनी कच्चं तेलसुद्धा सहजी बाहेर जाऊ दिलं नाही.

१९८६ : मिशन

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आपली आयात १५ लाख टनांच्या आसपास गेली होती. परकीय चलन खाणाऱ्या वस्तूंमध्ये पेट्रोलियमच्या मागोमाग खाद्यतेलाचं नाव घेतलं जायचं. मे १९८६ मध्ये राजीव गांधी सरकारने तेलबिया तंत्रज्ञान मिशन सुरू केलं.

या मिशनमध्ये नवीन काय होतं? बियाणं सुधारणं आधीही चालू होतं. जळगावच्या संशोधन केंद्राचा जेएल-२४ भुईमूग, म्हणजे 'फुले प्रगती', त्याआधीच शेतात पोचला होता. नवीन होतं ते एकत्र काम. मिशनचे चार भाग होते. पहिला पीक तंत्रज्ञान, दुसरा काढणीनंतरची प्रक्रिया, तिसरा शेतकऱ्याला निविष्ठा आणि सेवा, चौथा भाव, साठवण आणि विक्री. कृषी, नागरी पुरवठा, व्यापार, अर्थ अशी खाती एरवी एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढत असतात. कृषी खातं म्हणणार भाव वाढवा, पुरवठा खातं म्हणणार आयात करा. त्यांना एका टेबलावर बसवलं, ही खरी नवलाई.

चौथा भाग सगळ्यात महत्त्वाचा ठरला. वर्गीस कुरियन यांच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने तेलबिया उत्पादकांच्या सहकारी संस्थांचं काम आधीच हाती घेतलं होतं. गुजरातमध्ये भुईमूग तेलाच्या व्यापारावर मूठभर लोकांची पकड होती. त्यांना 'तेलिया राजे' म्हणत. १९८८ साली मंडळाने 'धारा' हे तेल बाजारात आणलं. १९८९ साली सरकारने मंडळाला बाजारात हस्तक्षेप करायचे अधिकार दिले. तेलाचा भाव एका पट्ट्यात ठेवायचा. खाली जायला लागला की खरेदी करा, वर जायला लागला की साठा सोडा. खालची हद्द शेतकऱ्यासाठी, वरची ग्राहकासाठी. धुपाटणं उलटं न करता दोन्ही वाट्या भरायचा हा प्रयत्न होता.

निकाल काय लागला? १९८६-८७ मध्ये तेलबियांचं उत्पादन सुमारे ११३ लाख टन होतं. १९९४-९५ मध्ये ते २१३ लाख टनांवर गेलं. आठ वर्षांत जवळपास दुप्पट. आयात घटून एक-दोन लाख टनांवर आली. पिवळी क्रांती म्हणतात ती ही.

यात सोयाबीनचा वाटा मोठा होता. हे पीक आपल्या भागात नवं. साठच्या दशकात जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या साथीने पिवळ्या सोयाबीनचे प्रयोग केले, आणि माळव्यात पावसाळ्यात पडीक राहणाऱ्या काळ्या जमिनी या पिकाने भरून गेल्या. १९९४ साली जबलपूरचाच जेएस-३३५ हा वाण आला. तो विदर्भ आणि मराठवाड्यात इतका पसरला की ज्वारी, मूग, उडीद, करडई मागे हटली. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन हा मुख्य माल झाला.

मोडलं कसं

आता मुख्य मुद्दा. एप्रिल १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली. आयात शुल्क होतं ६५ टक्के. १९९५ मध्ये बहुतेक सगळी खाद्यतेलं खुली झाली आणि शुल्क ३० टक्क्यांवर आलं. मग २०, आणि जुलै १९९८ मध्ये १५ टक्के. चार वर्षांत ६५ वरून १५.

आपल्याकडे सर्वसाधारण समज असा की हे जागतिक व्यापार संघटनेने करायला लावलं. मी स्वतः बरीच वर्षं तसंच सांगत होतो. पण आकडे वेगळं सांगतात. त्या करारात प्रत्येक देशाने शुल्काची कमाल मर्यादा लिहून दिली. पामतेलासाठी भारताची मर्यादा होती ३०० टक्के. पुन्हा सांगतो, तीनशे. सोयाबीन तेलाची मर्यादा मात्र ४५ टक्के होती, कारण ती आधीच्या गॅट वाटाघाटींतच बांधून दिलेली होती. म्हणजे पामतेलावर ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावायला मोकळीक असताना आपण १५ लावलं. हा निर्णय जिनिव्हात झाला नाही, तो दिल्लीत झाला.

का झाला? त्या निर्णयाच्या बाजूचं म्हणणंही प्रामाणिकपणे मांडायला हवं. मिशनच्या काळात आपल्या ग्राहकाला तेल जागतिक भावापेक्षा बरंच महाग पडत होतं. गरीब घराच्या वाणसामानात तेल हा मोठा खर्च असतो. शिवाय तेलबियांखालचं क्षेत्र दहा वर्षांत सुमारे १९० लाख हेक्टरवरून २६० लाख हेक्टरच्या पुढे गेलं होतं, म्हणजे उत्पादनवाढीचा बराच भाग नुसत्या क्षेत्रवाढीचा होता. एका हेक्टरमधून तेल किती निघतं ते पाहा. आपलं सोयाबीन हेक्टरी एक टनाच्या आसपास. त्यात तेल साधारण १८ टक्के, म्हणजे १८० किलो. मलेशियातल्या ताडाच्या बागेतून हेक्टरी तीन-चार टन तेल मिळतं. अर्थशास्त्रज्ञ म्हणाले, जे स्वस्तात विकत मिळतं ते महागात का पिकवायचं? हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आणि शेतकरी चळवळीतही एकमत नव्हतं. शरद जोशी यांची शेतकरी संघटना चाकणच्या कांद्यापासून सुरू झाली. निर्यातबंदी लादून भाव पाडले जातात, सरकारी धोरण म्हणजे शेतकऱ्याला 'उणे सबसिडी' आहे, असा त्यांचा सिद्धांत. त्यामुळे डंकेल प्रस्तावाला देशभर विरोध होत असताना जोशींनी त्याचं स्वागत केलं. बाजार खुला करा, पण दोन्ही बाजूंनी करा, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रत्यक्षात काय झालं? आयातीचं दार खुलं राहिलं, आणि निर्यातीचं दार सरकार मनाला येईल तसं उघडत आणि मिटत राहिलं. कांद्याच्या शेतकऱ्याला हे मी सांगायची गरज नाही.

१९९८ चं वर्ष तर विचित्रच. ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची भेसळ निघाली. साठच्या वर माणसं दगावली. सुट्ट्या तेलावर निर्बंध आले, छोट्या घाण्यांवरचा लोकांचा विश्वास उडाला आणि पाकिटबंद रिफाइंड तेलाला बाजार मोकळा झाला. १९९८-९९ मध्ये तेलबियांचं उत्पादन सुमारे २४७ लाख टन, तोवरचा उच्चांक. आणि नेमकी तेव्हाच आयात लाखांच्या पटीत वाढू लागली, थोड्याच काळात ४० लाख टनांच्या पुढे गेली. पीक चांगलं आणि भाव पडलेला. पुढच्या दोन वर्षांत उत्पादन १८४ लाख टनांपर्यंत घसरलं. काही पावसाने, काही भावाने.

मग सरकार जागं झालं. २००१ मध्ये कच्च्या पामतेलावर ७५ टक्के शुल्क. पण सोयाबीन तेल ४५ वर अडकलेलं, मग अर्जेंटिना आणि ब्राझीलचं सोयातेल येऊ लागलं. २००८ मध्ये जगात भाव भडकले, तर कच्च्या तेलावर शुल्क शून्य. नंतर पुन्हा वाढ, पुन्हा घट. मलेशियाने एक दिशा धरून वर्षानुवर्षं टिकवली असं मघाशी म्हटलं. आपल्याकडे पेरणीच्या वेळचं शुल्क काढणीपर्यंत टिकेल याची खात्री नाही.

आजचं सोयाबीन

आता जवळच्या काळात येऊ. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीनने दहा हजार रुपये क्विंटलचा भाव पाहिला. ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, कारण पोल्ट्रीवाले अडचणीत होते. डिसेंबरमध्ये सोयाबीनचे वायदे थांबवले. भाव उतरला.

२८ एप्रिल २०२२ ला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली. बंदी जेमतेम साडेतीन आठवडे टिकली, पण आपल्या बाजाराची झोप उडाली. तेल वर्ष २०२१-२२ मध्ये आपण सुमारे १४० लाख टन खाद्यतेल आणलं आणि त्यासाठी १ लाख ५७ हजार कोटी रुपये मोजले. गरजेच्या निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येतं. २०२१ साली तेलताडासाठी ११,०४० कोटींचं राष्ट्रीय अभियान जाहीर झालं, २०२४ मध्ये तेलबियांसाठी १०,१०३ कोटींचं दुसरं. २०३०-३१ पर्यंत तेलबिया उत्पादन ३९० लाख टनांवरून ६९७ लाख टनांवर न्यायचं उद्दिष्ट आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये आयात शुल्क चांगलंच वाढवलं. कच्च्या तेलावर सगळं मिळून ५.५ वरून २७.५ टक्के. तेल महागलं. मग सोयाबीनचा भाव वाढायला हवा होता ना? हमीभाव होता ४,८९२ रुपये आणि काढणीनंतर मोंढ्यात भाव चालला त्याच्या बराच खाली. असं का?

इथे पेंडीकडे परत या. शंभर किलो सोयाबीन गाळलं तर १८ किलो तेल, बाकी बहुतेक सगळी पेंड, जिला बाजारात डीओसी म्हणतात. सोयाबीनचा भाव तेलापेक्षा पेंडीवर जास्त ठरतो. जागतिक बाजारात पेंड स्वस्त होती, आपली महाग, म्हणून निर्यात थंड. आणि देशात पेट्रोलची आयात कमी करायला मक्यापासून इथेनॉल बनवायला सुरुवात झाली. इथेनॉल काढल्यावर मक्याचा जो चोथा उरतो तो प्रथिनयुक्त पशुखाद्य म्हणून स्वस्तात बाजारात आला. पोल्ट्रीवाल्यांनी सोयापेंड कमी करून तो वापरायला सुरुवात केली. म्हणजे एका आयातीला पर्याय शोधताना दुसऱ्या आयात-पर्यायाच्या पायावर धोंडा पडला. ग्राहकाला तेल महाग, शेतकऱ्याला सोयाबीन स्वस्त. आणि मे २०२५ मध्ये कच्च्या तेलावरचं शुल्क पुन्हा खाली आणलं. धुपाटणं पुन्हा उलटं.

१९८६ च्या मिशनने नेमकी हीच गोष्ट ओळखली होती. पीक, प्रक्रिया, आयात आणि भाव यांचा निर्णय वेगवेगळ्या खोल्यांत बसून होत नाही. आज पैसा तेव्हापेक्षा कितीतरी जास्त आहे, वाणही जास्त आहेत. ते एक टेबल मात्र राहिलेलं नाही.

एक प्रश्न

(व्याख्यानानंतर श्रोत्यांमधून एका ताईंनी विचारलं : "सर, माझं माहेर निलंग्याकडचं. भाऊ सोयाबीन लावतो, मी पुण्यात तेल विकत घेते. मग मी कुणाच्या बाजूने बोलायचं? शुल्क वाढवा म्हणू की कमी करा?")

ताई, प्रश्न फार चांगला आहे, कारण आपल्यापैकी निम्म्या लोकांचं घर असंच दोन्ही वाट्यांत आहे. माझं मत सांगतो, ते मत म्हणूनच घ्या. शुल्क किती, यापेक्षा ते किती वर्षं टिकणार हा प्रश्न आधी विचारा. शुल्काचा एक पट्टा ठरवा, तो जूनच्या पेरणीआधी जाहीर करा आणि पुढची काढणी होईपर्यंत हलवू नका. गरीब घराला तेल परवडत नसेल तर रेशनवर द्या, त्यासाठी सगळ्या देशाचा बाजार पाडू नका. आणि तेलाचा निर्णय घेताना पेंडीचं काय होणार ते त्याच कागदावर लिहा. तुमच्या भावाला दहा हजारांचा भाव एक वर्ष मिळून उपयोग नाही. पाच-साडेपाच हजार मिळणार याची पाच वर्षं खात्री असेल, तर तो घरचं बियाणं सोडून चांगलं बियाणं आणेल, सरी-वरंब्यावर पेरेल, एकरी दोन क्विंटल जास्त काढेल. मग तुमचं तेलही फार महाग राहणार नाही. हे १९८९ नंतर चार-पाच वर्षं या देशात करून दाखवलेलं आहे.

पुढच्या वेळी आपण डाळींबद्दल बोलू.